मत्स्यालयातील गाळणी : गाळते कोण?

पुणे–सोलापूर रस्त्यावर दौंडच्या दक्षिणेस कुरकुंभ हे गाव आहे. आज बहुतेकांना ते रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असते. त्याच रस्त्याने सोलापूरच्या दिशेने पुढे गेले, की उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी भिगवण लागते. तेथल्या मासळीच्या बाजारात 'चिलापी' हा मासा पाटीपाटीत दिसतो. चिलापी म्हणजे टिलापिया. तो मूळचा आफ्रिकेतला असून १९५२ साली भारतात आणला गेला. 'सिक्लिड' नावाच्या फार मोठ्या मत्स्यकुलाचा तो सभासद आहे.

दुकानातल्या काचेच्या टाक्यांत दिसणारे एंजल, ऑस्कर, डिस्कस आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे हे सारे या चिलापीचे भाऊबंद होत. भारतातही या कुलातल्या तीन जाती मूळच्या आहेत. त्यांपैकी एक म्हणजे गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर. दुसरी म्हणजे नारिंगी क्रोमाइड हा बोटभर लांबीचा मासा. घरच्या टाकीत तो चांगला राहतो.

सिक्लिड पाळणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गाळणीचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत 'फिल्टर'चा. दुकानात पन्नास-शंभर रुपयांच्या स्पंजापासून हजारो रुपयांच्या डब्यापर्यंत नाना प्रकार मांडलेले असतात. त्यांतला कोणता घ्यावा? किमतीवरून किंवा खोक्यावरच्या चित्रावरून हे ठरवता येत नाही. त्यासाठी गाळणी नेमके काय काम करते ते आधी समजून घेतले पाहिजे.

स्वच्छ दिसणारे पाणी

चहाची गाळणी चोथा अडवते व चहा खाली सोडते. मत्स्यालयाची गाळणीही तेवढेच करते असे पुष्कळांना वाटते. विष्ठा, उरलेले खाद्य, झाडांची कुजकी पाने हा गाळ ती अडवते हे खरे. परंतु माशाला मारणारी वस्तू गाळात नसून पाण्यात विरघळलेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती वस्तू म्हणजे अमोनिया.

मासे खाद्यातली प्रथिने पचवतात, तेव्हा नको असलेला नायट्रोजन ते मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. नदीत तो वाहत्या पाण्यात विरून जातो. टाकीत मात्र तो साठत राहतो. म्हणून नव्या टाकीत पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही आठ-दहा दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात आणि एकामागून एक मरतात. घरचे लोक म्हणतात, "मासे लाभले नाहीत." खरे कारण असे, की चोथा अडवणारी गाळणी होती, पण अमोनियाचा समाचार घेणारे तेथे कोणी नव्हते.

थोडे गणित करू

समजा, आपली टाकी ८० सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद व ४० सेंमी उंच आहे. तिचे घनफळ ११२ लिटर भरते. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा केले तर पाणी सुमारे १०० लिटर राहते. तीत आपण रोज २ ग्रॅम खाद्य टाकतो आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत असे धरू.

प्रथिने = २ × ०.४० = ०.८ ग्रॅम.

प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून नायट्रोजन = ०.८ × ०.१६ = ०.१२८ ग्रॅम, म्हणजे १२८ मिलिग्रॅम.

यातला निम्मा अमोनियाच्या रूपाने पाण्यात आला असे मानले, तर रोज ६४ मिलिग्रॅम, म्हणजे दर लिटरमागे ०.६४ मिलिग्रॅम इतकी भर पडते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन. तो माशांना फारसा बाधत नाही. दुसरा मुक्त अमोनिया. तो कल्ल्यांतून सहज आत शिरतो व विषारी ठरतो. या दोघांचे प्रमाण पाण्याच्या पीएच मूल्यावर व तापमानावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्केच मुक्त असतो. पीएच ८ झाला, की तो सुमारे ५.४ टक्के होतो, म्हणजे जवळजवळ दहापट. पाणी ३० अंशांपर्यंत तापले, तर पीएच ८ ला हेच प्रमाण ७.५ टक्क्यांच्या घरात जाते.

म्हणजे आपल्या टाकीत पहिल्याच दिवशी, पीएच ८ असल्यास, मुक्त अमोनिया दर लिटरला सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम होईल. फार दिवस राहिल्यास ०.०२ मिलिग्रॅमपासूनच कल्ल्यांना अपाय होऊ लागतो असे साधारणतः मानतात. तीन दिवसांत आपला आकडा ०.१ वर जातो!

कुरकुंभ-दौंडकडच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. दख्खनच्या काळ्या खडकातून मुरून आलेल्या विहिरीच्या व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बहुधा बरेच असतात. पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर चढत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर ते पाणी दुष्फेन आहे असे समजावे. असे पाणी बहुधा अल्कधर्मी असते. मलावी सरोवरातल्या सिक्लिडांना आणि आपल्या नारिंगी क्रोमाइडला ते मानवते. त्यांचे मूळचे पाणीही मऊ नसते. पण याच पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. पाणी माशाला अनुकूल आहे म्हणून गाळणीत काटकसर केली तर चालणार नाही, उलट येथे ती अधिक भक्कम हवी.

खरे कामकरी

अमोनिया नाहीसा करतो कोण? याचे उत्तर मत्स्यालयात नव्हे, तर सांडपाण्याच्या नळीत सापडले. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युन्ट्झ या शास्त्रज्ञांनी काचेच्या नळीत वाळू व चुनखडीची पूड भरली आणि तीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे २० दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा ही क्रिया बंद पडली. पुढे बागेतली थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी घातले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. वाळू तीच आणि चुनखडीही तीच. मग क्लोरोफॉर्मने मेले ते काय? अर्थातच वाळूच्या कणांवर वाढलेले जीवाणू.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी ही क्रिया दोन टप्प्यांत होते हे दाखवून दिले. आधी अमोनियाचे नायट्राइट होते आणि मग नायट्राइटचे नायट्रेट. गमतीची गोष्ट अशी, की त्यांचे वडील, त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच, घरगुती मत्स्यालयाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. पाण्यातल्या वनस्पती व मासे यांचा समतोल कसा राखता येतो याची माहिती त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केली होती. बापाच्या टाकीतले कोडे उलगडायला मुलाचे शेतीवरचे संशोधन उपयोगी पडले. पुढे १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे करून वाढवले. हा अभ्यास अजूनही चालू आहे. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, हे २०१५ साली उजेडात आले. त्याचा एक नमुना मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतूनच मिळाला होता.

यांतले नायट्राइटही माशांना घातक असते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती हिरावते. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. ते पाणी बदलून काढून टाकता येते.

तेव्हा गाळणी म्हणजे मुख्यतः जीवाणूंची वसाहत. तिला दोन गोष्टी लागतात : चिकटून राहायला जागा आणि ऑक्सिजन. गाळणी निवडताना याच दोन गोष्टी तपासायच्या.

जागा किती?

जागा म्हणजे पृष्ठफळ. एक लिटरच्या डब्यात २० मिलिमीटर व्यासाचे गोल खडे भरले, तर त्या सर्वांचे मिळून पृष्ठफळ सुमारे ०.१८ चौरस मीटर होते. तेच खडे १० मिलिमीटरचे घेतले तर ०.३६ आणि ५ मिलिमीटरचे घेतले तर ०.७२ चौरस मीटर. व्यास निम्मा केला, की पृष्ठफळ दुप्पट होते. मग बारीक वाळूच का भरू नये? कारण ती लवकर तुंबते. पाणी थांबले, की ऑक्सिजन थांबतो. सच्छिद्र स्पंज, भाजक्या मातीच्या नळ्या, विटांचे स्वच्छ धुतलेले तुकडे यांत जागाही भरपूर असते आणि पाणीही खेळते राहते.

ऑक्सिजन किती?

१ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट व्हायला सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्या ६४ मिलिग्रॅमसाठी रोज जवळजवळ ३०० मिलिग्रॅम झाला. २५ अंशांना एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, म्हणजे सबंध टाकीत सुमारे ८०० मिलिग्रॅम. त्यातून माशांचा श्वासही भागायचा आहे. उन्हाळ्यात पाणी तापले, की हा साठा आणखी घटतो. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवणारी गाळणी हवी.

प्रकार आणि सिक्लिडांचा स्वभाव

सिक्लिड हे घर करणारे मासे आहेत. अंडी घालण्यापूर्वी ते वाळू उकरून खळगे करतात, आपल्या हद्दीसाठी भांडतात आणि पिलांची राखण करतात. चिलापीची मादी तर अंडी तोंडातच सांभाळते. या स्वभावाकडे पाहून गाळण्यांची पारख करू.

तळगाळणी : खड्यांच्या थराखाली जाळीदार पत्रा असतो आणि पाणी खड्यांतून खाली ओढले जाते. थर अखंड असेल तोवर ती उत्तम काम करते. सिक्लिडाने एका कोपऱ्यात खळगा केला, की सारे पाणी त्या भोकातूनच जाते व उरलेल्या थरातले जीवाणू ऑक्सिजनाविना राहतात. उकरणाऱ्या माशांसाठी ती घेऊ नये.

स्पंजगाळणी : हवेच्या पंपाची नळी स्पंजातून वर जाणाऱ्या नळकांड्यात सोडलेली असते. बुडबुडे मिसळल्यामुळे नळकांड्यातल्या पाण्याची सरासरी घनता कमी होते. बाहेरचे जड पाणी त्याला वर ढकलते आणि स्पंजातून नवे पाणी आत येते. यंत्र साधे, हवाही आपोआप मिसळते व पिले ओढली जाण्याची भीती नाही. पंप ५ वॉटचा असेल, तर ३० दिवसांत ३.६ युनिट वीज लागते. मोठा गाळ मात्र ती फारसा उचलत नाही.

वरची किंवा कडेला टांगायची गाळणी : छोटा पंप पाणी उचलून पेटीत टाकतो आणि ते स्पंज व नळ्यांतून झिरपून पुन्हा टाकीत पडते. पडताना हवा मिसळते. उघडून साफ करायला सोपी. मध्यम टाकीला चांगली.

डबा-गाळणी : टाकीखाली ठेवलेला बंद डबा. जागा भरपूर असते, गाळही चांगला अडतो. मोठ्या टाकीला आणि ऑस्करसारख्या हातभर वाढणाऱ्या, भरपूर खाणाऱ्या माशांना ती योग्य. पण ती महाग असते, आणि वीज गेली तर तिची अडचण होते. डबा बंद असल्याने आतल्या पाण्यातला ऑक्सिजन जीवाणू लवकरच संपवतात. काही तासांनी ते मरू लागतात आणि आतला गाळ कुजतो. वीज आल्यावर हे घाण पाणी एकदम टाकीत येते. म्हणून वीज बराच वेळ गेली असल्यास डबा उघडून आतले पाणी फेकावे आणि मगच पंप चालू करावा.

मग आपण काय घ्यावे?

वर धरलेल्या १०० लिटरच्या टाकीत नारिंगी क्रोमाइडसारखे लहान सिक्लिड मोजकेच ठेवायचे असतील, तर एक वरची गाळणी व तिच्या जोडीला एक स्पंजगाळणी अशी व्यवस्था करावी. पहिली गाळ उचलते. दुसरी जीवाणूंचा राखीव साठा सांभाळते. एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. स्पंजगाळणीला बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जोडता येतो, त्यामुळे वीज गेली तरी काम थांबत नाही. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत पाणी उलट येऊ न देणारी झडप बसवावी. नाहीतर पंप थांबल्यावर वक्रनलिकेच्या तत्त्वाने टाकीतले पाणी पंपात उतरते.

पंप किती मोठा घ्यावा? तासाला टाकीतले पाणी निदान चार-पाच वेळा गाळणीतून जावे, असा सर्वसाधारण नियम आहे. सिक्लिडांची संख्या जास्त असल्यास याहून अधिक. मात्र खोक्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो. स्पंजातून आणि उंचीवर पाणी चढवताना प्रवाह कमी होतो. तो स्वतः मोजावा. गाळणीतून पडणाऱ्या धारेखाली एक लिटरचे माप धरा व घड्याळ पाहा. ते ९ सेकंदांत भरले, तर ३६०० ÷ ९ = ४०० लिटर दर तासाला, म्हणजे आपल्या टाकीत चार फेऱ्या.

आणि उजनीतल्या चिलापीचे पिलू आणून पाळले तर? ते दिसते बोटाएवढे, पण हातभर वाढते. १०० लिटरची टाकी त्याला अपुरी, मग गाळणी कोणतीही असो. पाळलेला मासा नकोसा झाला म्हणून भीमेत किंवा विहिरीत सोडणे तर अगदीच अयोग्य. परका मासा स्थानिक माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगू लागतो.

चार पथ्ये

१. नवी गाळणी लावल्यावर लगेच मासे भरू नयेत. श्लेझिंग-म्युन्ट्झच्या नळीप्रमाणे येथेही जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या एखाद्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज पिळून ते पाणी नव्या गाळणीत सोडले, तर हा काळ कमी होतो.

२. स्पंज नळाच्या पाण्यात धुऊ नये. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जीवाणूंना मारण्यासाठीच असतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. सारे स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत.

३. गाळणीचे जीवाणू अमोनिया पचवतात, कारखान्यातली रसायने नव्हे. औद्योगिक वसाहतीतून भंगारात आलेली पिंपे व डबे, कितीही धुतलेले असले तरी, मत्स्यालयासाठी वापरू नयेत. वसाहतीजवळच्या विहिरीचे पाणी आधी तपासून घ्यावे. कोळशाची गाळणी काही सेंद्रिय पदार्थ शोषते. विरघळलेले क्षार आणि नायट्रेट तिला काढता येत नाहीत.

४. दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. नव्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवावा.

करून पाहा

काचेच्या दोन सारख्या बरण्यांत क्लोरीन नसलेले दोन-दोन लिटर पाणी घ्या. दोन्हींत हवेची नळी सोडा. एकीत जुन्या मत्स्यालयातला वापरता स्पंज ठेवा. दुसरीत तसाच, पण पाण्यात दहा मिनिटे उकळून थंड केलेला स्पंज ठेवा. दोन्हींत माशांच्या खाद्याची एकेक चिमूट टाका. मासे ठेवू नका. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने तीन आठवडे एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजा आणि तिन्हींचे आलेख काढा. कोणत्या बरणीत अमोनिया साचतो? नायट्राइटचा आलेख आधी चढून मग का उतरतो? शाळेच्या प्रयोगशाळेत दोन-तीन गटांनी मिळून हा प्रयोग केला, तर आकड्यांची तुलनाही करता येईल.

सोडवून पाहा

आपल्या १०० लिटरच्या टाकीत रोज ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेट होतो. त्यामुळे आठवड्यात नायट्रेट दर लिटरला सुमारे २० मिलिग्रॅमने वाढते. दर रविवारी निम्मे पाणी बदलले आणि नव्या पाण्यात नायट्रेट नसले, तर बदलण्यापूर्वीचे आकडे २०, ३०, ३५ असे येतात. ते कोणत्या संख्येकडे जात आहेत? निम्म्याऐवजी तिसरा हिस्साच बदलला, तर ती संख्या किती होईल?

(उत्तरे : ४० मिलिग्रॅम, ६० मिलिग्रॅम.)